कंसाच्या आधीची एक स्पेस: पर्ल सांभाळणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
पर्ल पाचचा कोड सांभाळणारी सगळी पोर्टर मंडळी आणि पर्लचं स्टिअरिंग कौन्सिल,
आणि बाकीच्या स्क्रिप्टिंग भाषांमध्ये वॉर्निंगचा मजकूर जे कोणी लिहितात ते सगळे,

नमस्कार.

मी कोल्हापुरातून लिहितोय, शाहूपुरीतून. माझं छोटंसं कॉम्प्युटरचं काम आहे, मशीन दुरुस्ती, प्रिंटर, आणि मार्केट यार्डातल्या तीन-चार अडत दुकानांना लागणाऱ्या बारक्या स्क्रिप्टा. गुळाचा हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावरून गुळाचे रवे (ढेपा) येतात, सकाळी सौदे निघतात, काटा होतो, आणि मग शेतकऱ्याला पट्टी द्यावी लागते. पट्टी म्हणजे वजन गुणिले दर, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा, खाली उरलेली रक्कम. हा हिशोब पूर्वी दिवाणजी वहीत करायचे, आता बऱ्याच ठिकाणी तयार सॉफ्टवेअर आहे, पण प्रत्येक दुकानाची एखादी तरी गरज अशी असते की त्या सॉफ्टवेअरमध्ये ती बसत नाही, मग ती मी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत करून देतो. पर्ल का तर मी तेच आधी शिकलो, टेक्स्ट फाईल वाचायची आणि टेक्स्ट फाईल काढायची याला मला अजूनही त्याच्याइतकं सोपं काही सापडलेलं नाही. जुनं मशीन असू दे, नवीन असू दे, स्क्रिप्ट चालते. पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं आजपण चालतंय, एक ओळ बदलावी लागली नाही, याबद्दल तुमचे मनापासून आभार मानतो आणि मगच पुढचं लिहितो.

पुढचं म्हणजे एका वॉर्निंगबद्दल आहे, ओळीत गडबड वाटली की पर्ल जो इशारा देतं त्याबद्दल. «प्रिंट (...) इंटरप्रिटेड ॲज फंक्शन.» तुमच्यापैकी बहुतेकांनी ती हजारदा बघितली असेल. (बाकीच्यांसाठी: फंक्शन म्हणजे नाव घेऊन सांगायचं तयार काम, त्याला लागणारा माल नावापुढच्या कंसात द्यायचा.)

आता झालं काय ते सांगतो. माझा भाचा सुट्टीत माझ्याकडं येतो, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतोय, हुशार आहे, मन लावून करतो. एका दुकानाला हमालांच्या टोळीचा रोजचा हिशोब पाहिजे होता, किती मोठे रवे उतरवले, किती लहान, आणि रव्यामागं जो दर ठरलाय त्यानं किती पैसे. मी ते काम त्याला दिलं. त्यानं लिहिलेली ओळ अशी होती (इथं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय):

प्रिंट ($मोठे + $लहान) * $दर ऑर डाय "छापता आलं नाही";

प्रिंट म्हणजे छाप. शेवटचं «ऑर डाय», म्हणजे छापता आलं नाही तर तिथंच थांब, हे माझ्यामुळं आलं. एकदा पेन ड्राईव्ह भरला आणि अर्धीच फाईल लिहिली गेली, कुणाला कळलंच नाही, तेव्हापासून माझा नियम आहे की प्रत्येक प्रिंटच्या मागं ऑर डाय पाहिजेच. पोरानं नियम पाळला.

चालवल्यावर पर्लनं वॉर्निंग दिली. प्रिंट (...) इंटरप्रिटेड ॲज फंक्शन, अमुक फाईल, अमुक ओळ. त्यानं विचार केला, प्रिंट फंक्शनच तर आहे, मग फंक्शन म्हणून वाचलं तर बिघडलं काय? मग त्यानं इकडं-तिकडं बघितलं, त्याला दिसलं की बाकीच्यांच्या कोडमध्ये प्रिंट आणि कंसाच्या मध्ये स्पेस नसते. त्यानं स्पेस काढली. वॉर्निंग गेली. एकपण वॉर्निंग राहिली नाही. फाईल तयार झाली, आकडे आले, दुकानात दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोळीचे मुकादम माझ्याकडं आले. दुकानात भांडायला गेले नाहीत, आधी माझ्याकडं आले, कारण कागद माझ्या प्रिंटरचा होता. त्यांच्या खिशात एक छोटी वही असते, तीत पाच-पाचच्या रेघा मारून ते रवे मोजतात, चार उभ्या आणि एक आडवी. मोठे २१२, लहान १४८. रव्यामागं तीन रुपये धरले तर टोळीचे १,०८० रुपये होतात. कागदावर होते ३६०. दुकानातल्या दिवाणजींना ३६० हा आकडा खटकला नाही कारण तो काही विचित्र दिसणारा आकडा नाही, एखाद्या कमी आवकेच्या दिवशी तेवढे होऊ शकतात. त्यांनी ३६० दिले. सहा माणसांत ३६०. मुकादम मला एवढंच म्हणाले, "दादा, रवं बरोबर हाईत, पैसं बरोबर न्हाईत, जरा बघा की." त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

मला ओळ उघडून बघेपर्यंत कळलं होतं की हा कंसाचा घोटाळा आहे. ३६० म्हणजे २१२ अधिक १४८. बेरीज झाली, गुणाकार हवेत गेला. भाच्याला बोलावलं तर तो म्हणाला, "मामा, वॉर्निंग गेली न्हवं, मग मला वाटलं झालं."

त्याच्या या वाक्यासाठी मी हे पत्र लिहितोय. वॉर्निंग जाणं म्हणजे चूक जाणं असं कुठलाही नवीन माणूस समजणार, आणि त्यानं तसं समजावं म्हणूनच तर आपण वॉर्निंग देतो. आणि इथं नेमकं उलटं झालंय. स्पेस काढून ओळीचा अर्थ तसूभरही बदलला नाही, पर्लच्या दृष्टीनं दोन्ही ओळी एकच. बदललं काय, तर सांगणारा गप्प झाला.

नियम काय आहे ते मला माहितेय, आणि तो तुमच्या मॅन्युअलमध्ये फंक्शनच्या पानावर अगदी सुरुवातीला लिहिलेला आहे. फंक्शनसारखं दिसतंय तर ते फंक्शन आहे. नावाच्या मागं कंस आला की कंसातलं तेवढं त्याचं, मध्ये स्पेस असो नसो. म्हणून प्रिंट (१+२)+४ केलं की ३ छापलं जातं, ७ नाही, हे उदाहरण तिथं दिलेलं आहे. आणि तिथंच हेही दिलंय की वॉर्निंग चालू असतील तर दोन ओळी येतील, एक ही कंसाची आणि दुसरी «युझलेस यूज ऑफ... इन व्हॉइड कॉन्टेक्स्ट». ही दुसरी जी आहे ती खरंतर जास्त कामाची आहे, तुमची बेरीज कुणी वापरतच नाहीये असं ती सांगते. पण आमच्या ओळीला मागं ऑर डाय होतं ना, त्यामुळं गुणाकाराचं उत्तर ऑर वापरतोय असं झालं, मग ते व्हॉइड, म्हणजे बिनवापराचं, राहिलं नाही, मग दुसरी वॉर्निंगही नाही. प्रिंट यशस्वी झालं की १ परत देतं, १ गुणिले ३ म्हणजे ३, ते खरं, म्हणून डायपण झालं नाही. सगळं व्यवस्थित. फक्त सहा माणसांचे ७२० रुपये कागदावरून गायब.

म्हणजे काळजी घेणाऱ्या माणसाला, प्रिंट झालं की नाही हे तपासणाऱ्या माणसाला, न तपासणाऱ्यापेक्षा कमी इशारे मिळतात. हे मला लई लागलं.

मग मी बसून पर्लच्या सोर्समध्ये शोधलं की ही वॉर्निंग येते कुठून. ती येते ओळ शब्दाशब्दात तोडणाऱ्या भागातून, म्हणजे अर्थ लावायच्या आधीच. तिथं काय होतं ते माझ्या शब्दांत सांगतो, चुकलो तर सांगा. प्रिंट शब्द संपला की त्याच्यापुढं बरोबर एक स्पेस आणि मग उघडा कंस आहे का बघायचं. असेल तर पुढं अक्षरं मोजत जायचं, उघडा कंस आला की एक वाढवायचा, बंद आला की एक कमी करायचा, शून्य झालं की थांबायचं. मग स्पेस सोडून पुढचं जे पहिलं अक्षर येईल ते एका छोट्या यादीत आहे का बघायचं. यादीत असेल तर गप्प, नसेल तर वॉर्निंग.

एवढंच. गुणाकार आहे का, बेरीज आहे का, कुणी काय वापरतंय, यातलं काही तिथं माहितीच नसतं. आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांनी शेजारी प्रामाणिकपणे नोंदपण करून ठेवलीय की हा उपाय फार भक्कम नाही, याहून चांगला मार्ग असायला पाहिजे. मला त्या नोंदीबद्दल आदर आहे. पण ती नोंद तिथं खूप वर्षं आहे.

या पद्धतीमुळं काय काय होतं ते मी माझ्या मशीनवर एकेक करून बघितलं. एक स्पेसच्या जागी दोन स्पेस दिल्या, वॉर्निंग नाही. टॅब दिला, नाही. स्पेस काढली, नाही. उत्तर सगळीकडं तेच चुकीचं. म्हणजे कोड कसा दिसतो याच्यावर इशारा ठरतो, कोड काय करतो याच्यावर नाही.

भागाकाराचं तर अजून वाईट आहे. त्या यादीत तिरकी रेघ आहे, कारण डबल तिरकी रेघ हा «किंवा»सारखा ऑपरेटर आहे आणि त्याच्यासाठी ती यादीत घातली, बरोबर कारणासाठी घातली. पण एकच तिरकी रेघ म्हणजे भागाकार, तोपण त्यात झाकला गेला. आमच्या यार्डात रोज फळ्यावर किमान भाव, कमाल भाव आणि सरासरी भाव लिहितात. आता कुणी लिहिलं

प्रिंट ($किमान + $कमाल) / २ ऑर डाय "...";

तर स्पेस असूनसुद्धा पर्ल एक अक्षर बोलत नाही आणि सरासरीच्या जागी दोन भावांची बेरीज छापतं. सरासरी काढणं हा तर शिकणाऱ्या प्रत्येक पोराचा दुसरा-तिसरा प्रोग्राम असतो.

आणि याच्या उलट, जिथं काहीच चुकलेलं नाही तिथं ती ओरडते. कंस या ओळीत उघडला आणि पुढच्या ओळीत बंद केला, मोठा मजकूर असला की आपण करतोच, तर तिला बंद कंस सापडत नाही आणि वॉर्निंग येते. अवतरणातले कंसपण ती मोजते. आमच्या पट्टीवर खाली १) अडत २) हमाली ३) तोलाई असं छापलेलं असतं. प्रिंट ("१) अडत"), लिहिलं की अवतरणातला तो कंस म्हणजे बंद कंस समजून ती थांबते, पुढं «अ» दिसतो, यादीत नाही, दिली वॉर्निंग. ओळ शंभर टक्के बरोबर आहे, छापायचं तेच छापतेय.

मी इतकी वर्षं हीच वॉर्निंग बघत आलो आणि मनातल्या मनात तिला सोडून द्यायला शिकलो होतो, कारण दहातल्या बऱ्याच वेळा ती अशीच पट्टीच्या क्रमांकावर यायची. भाच्याला मीच म्हटलं होतं, ती कंसाची वॉर्निंग येते अधूनमधून, विशेष काही नसतं. हे मी म्हटलं होतं आणि ते इथं लिहितोय कारण खोट्या इशाऱ्यांचा परिणाम हाच असतो, तो फक्त नवीन माणसावर नाही, जुन्यावरपण होतो.

आता मजकुराबद्दल. «इंटरप्रिटेड ॲज फंक्शन» हे वाक्य पर्ल आतमध्ये काय समजलं ते सांगतं. ज्याला लिस्ट ऑपरेटर (पुढचं सगळं आपलं धरणारा) आणि फंक्शन (कंसातलं तेवढंच घेणारं) यातला फरक माहितेय त्याला ते कळतं, आणि ज्याला तो फरक माहितेय तो ही चूक सहसा करतच नाही. ज्याला कळायला पाहिजे त्याच्यासाठी ते वाक्य म्हणजे, प्रिंट हे फंक्शन आहे, बरं मग? वॉर्निंगमध्ये हे कुठंच येत नाही की तुझा गुणाकार बाहेर राहिला. मी मराठीत शिकलेल्या पोरांना शिकवतो, त्यांचं इंग्रजी कामापुरतं असतं, पण इथं अडचण इंग्रजीची नाही. मी तेच वाक्य मराठीत करून भाच्याला सांगितलं, प्रिंट हे फंक्शन म्हणून वाचलं गेलं, तरी तो माझ्याकडं बघतच राहिला. मग सांगितलं, प्रिंटला फक्त कंसातलं मिळालं, «गुणिले दर» बाहेर राहिलं, तर एका क्षणात म्हणाला, हां, मग बाहेरून अजून एक कंस घालतो.

आमच्याकडं शाळेत कंचेभागुबेव शिकवतात. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाचवी-सहावीतलं पोरगंपण सांगेल की आधी कंस सोडवायचा आणि मग गुणायचं. (२+३)×४ म्हणजे २०, डोळे झाकून. त्यामुळं प्रिंट (२+३)*४ लिहिणारा माणूस निष्काळजी नसतो, तो त्याला शिकवलेलं गणित बरोबर लिहीत असतो. भाषेनं त्या कंसाला वेगळा अर्थ दिलाय, तो द्यायचा भाषेला हक्क आहे, लॅरी वॉल हे भाषाशास्त्र शिकलेले, त्यांनी १९८७ साली पर्ल आणलं ते माणूस बोलतो तसं लिहिता यावं या विचारानं, आणि कंस लावा किंवा लावू नका ही मोकळीक त्यातूनच आलेली आहे. ती मोकळीक मला आवडते. पण जिथं मोकळीक दिलीय तिथं खड्डा कुठं आहे ते दाखवायचं कामही जास्त नीट करावं लागतं.

आणि ही ओळ किती फसवी आहे ते दुसऱ्या भाषांकडं बघितल्यावर अजून कळतं, कारण आजकालची पोरं एकाच वेळी तीन-तीन भाषा हाताळतात. प्रिंट (२+३)*४, हीच ओळ, अक्षर न बदलता. पायथॉन दोनमध्ये प्रिंट हे स्टेटमेंट, म्हणजे पुढचं सगळं घेणारी आज्ञा, होतं, तिथं २० यायचे. पायथॉन तीन २००८ च्या डिसेंबरात आलं, त्यात प्रिंट फंक्शन झालं, तिथं आधी ५ छापलं जातं आणि मग टाइप एरर येऊन प्रोग्राम थांबतो, कारण प्रिंट काहीच परत देत नाही आणि काहीच नसलेल्याला चारनं गुणता येत नाही. रुबीत स्पेस असेल तर २० येतात, तिथं स्पेसला खरंच अर्थ आहे, स्पेस काढली की तोच कंस प्रिंटचा होतो. पर्लमध्ये स्पेस असो नसो, ५. आता विचार करा, रुबीतून आलेल्या पोराला पर्लची वॉर्निंग दिसली आणि स्पेस काढल्यावर गेली, तर तो काय शिकणार? तो शिकणार की पर्लमध्येपण स्पेसनं फरक पडतो. म्हणजे वॉर्निंगनं चूक दाखवली नाही ती नाहीच, वर एक खोटा नियम त्याच्या डोक्यात घातला.

रुबीवाल्यांनीपण यात ठेच खाल्लेली आहे. १.८ च्या काळात एक फंक्शन दुसऱ्याच्या पुढं कंसाशिवाय लिहिलं की वॉर्निंग यायची, पुढच्या आवृत्तीसाठी आर्ग्युमेंटला कंस घाला. ज्यांनी वाचलं त्यांनी कंस घातले. तसं बिनकंसाचं लिहिलेलं आजच्या रुबीतपण चालतं. येणाऱ्या आवृत्तीचं कारण सांगून माणसाला कामाला लावायचं असेल तर ती आवृत्ती तशी यायला पाहिजे, नाहीतर पुढच्या खऱ्या सूचनेवर कोण विश्वास ठेवणार.

पायथॉनवाल्यांचं मात्र मनापासून कौतुक करावंसं वाटतं. ज्यांनी जुनं पायथॉन वापरलंय त्यांना आठवत असेल, कंस बंद करायचा राहिला की एरर पुढच्या ओळीवर दाखवायचा, इनव्हॅलिड सिंटॅक्स, आणि पुढची ओळ तर बरोबरच असायची. मी माझ्या डोळ्यांनी पोरांना ती बरोबर असलेली ओळ खोडून-खोडून परत लिहिताना बघितलंय. मग ३.९ मध्ये त्यांनी पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना लावणारा भाग, नवीन केला आणि ३.१० मध्ये, २०२१ साली, थेट सांगायला लागले की हा उघडलेला कंस बंदच केला नाही, आणि बोट ठेवतात ते त्या उघड्या कंसावर. चूक जिथं आहे तिथं. आणि त्यांची एक जुनी वॉर्निंग आहे, असर्ट (अट खरी आहे का ते तपासायची आज्ञा) याच्या पुढं अट आणि मेसेज दोन्ही एकाच कंसात घातले की ती म्हणते, हे असर्शन कायम खरंच ठरणार, बहुतेक कंस काढायला पाहिजेत. बघा त्या वाक्यात काय-काय आहे. परिणाम सांगितला, उपाय सुचवला, आणि «बहुतेक» म्हणून निर्णय माणसावर सोडला. आत पार्सरनं त्याला काय म्हणून वाचलं याचा एक शब्द नाही.

माझी मागणी भाषा बदलायची नाही. प्रिंटच्या मागच्या कंसाचा अर्थ बदलू नका, तो बदलला तर माझ्याच पंधरा वर्षांच्या स्क्रिप्टा बंद पडतील आणि जगभरातल्या किती पडतील ते वेगळंच. मागतोय ते एवढंच, की हा इशारा अक्षरं मोजून देण्याऐवजी अर्थ लागल्यावर द्या.

पर्लला अर्थ तर कळलेलाच असतो. डीपार्स नावाचं जे तुमचंच मॉड्यूल आहे, ते कंस दाखवायच्या पर्यायासकट चालवलं की पर्ल छापून दाखवतं की त्यानं प्रिंटचा कंस कुठं संपवला आणि गुणाकार कुठं लावला. मी भाच्याला तेच दाखवलं आणि त्याला पुढचं काही समजवायला लागलं नाही. मग जेव्हा गुणाकाराचं झाड, म्हणजे कशाला कशानं गुणायचं त्याची आतली मांडणी, बांधलं जातं तेव्हा त्याच्या डाव्या हाताला प्रिंट बसलाय का एवढं बघता येणार नाही का? गुणिले, भागिले, अधिक, वजा, मजकूर जोडायचा टिंब, यांच्या डाव्या बाजूला जर प्रिंट आला तर वॉर्निंग द्या, स्पेस असो, नसो, टॅब असो, मागं ऑर डाय असो. प्रिंट परत देतं ते फक्त जमलं की नाही जमलं. जमलं-नाही-जमलंला दरानं गुणायची गरज कुणाला पडते? मी खूप विचार केला, मला एकपण प्रामाणिक वापर सुचला नाही. म्हणजे खोटे इशारे जवळपास उरणारच नाहीत, दोन ओळींतला कंस, १) अडत, हे सगळे आपोआप सुटतील.

तुम्ही म्हणाल, नवीन वॉर्निंग घातली की सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या सामायिक साठ्यातल्या कुठल्या तरी जुन्या मॉड्यूलच्या टेस्ट पडतात आणि लोक तक्रारी करतात. मान्य आहे, आणि तुम्ही ते किती जपता हेपण मला माहितेय, त्याच जपण्यामुळं माझ्या स्क्रिप्टा चालताहेत. पण ज्याच्या मॉड्यूलमध्ये प्रिंटच्या उत्तरावर गणित केलेलं सापडेल त्याला ती तक्रार नाही, चूक सापडल्याची खबर आहे. शिवाय ही वॉर्निंग आत्ता सिंटॅक्स नावाच्या ज्या वॉर्निंगच्या गटात आहे त्यातच राहू दे, ज्याला नको तो बंद करेल.

यात घाई का करावी याचंही कारण आहे. २०२२ साली ५.३६ आलं तेव्हापासून वर त्या आवृत्तीचं नाव लिहिलं की वॉर्निंग आपोआप चालू होतात, वेगळं काही लिहावं लागत नाही. फार चांगलं केलंत. पूर्वी ज्याला वॉर्निंग काय हे माहीत होतं तोच त्या चालू करायचा, आता नवख्या पोरांनापण त्या पहिल्या दिवसापासून दिसतात. म्हणूनच तो मजकूर आता जाणकाराला उद्देशून असून चालणार नाही.

आणि मजकुरासाठी माझी सूचना अशी, तुम्ही ती तुमच्या भाषेत नीट बसवा:

«प्रिंटला फक्त कंसातली किंमत मिळाली, कंसानंतरचं '* $दर' छापलं जाणार नाही. पूर्ण उत्तर पाहिजे असेल तर सगळ्याला बाहेरून अजून एक कंस घाला.»

कंसाच्या आधी अधिकचं चिन्ह घालायचा उपाय मॅन्युअलमध्ये आहे तो मला माहितेय, चालतो, पण नवीन माणसाला तो सुचवू नका, ते अधिकचं चिन्ह बघून तो बेरजेच्या नादाला लागतो. बाहेरचा कंस सगळ्यांना कळतो. आणि कंसानंतर जे बाहेर राहिलं ते वॉर्निंगमध्ये जसंच्या तसं दाखवता आलं तर सोन्याहून पिवळं, कारण पर्ल फक्त ओळ नंबर सांगतं आणि आमच्या भाच्याची ती ओळ स्क्रीनच्या बाहेर गेलेली होती.

मुकादमांचं पुढं काय झालं ते राहिलं. मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो, दिवाणजींना ओळ दाखवली, काय झालं ते सांगितलं. मालकांचा आधी समज असा झाला होता की टोळीच जास्त रवे सांगतेय. कागद कॉम्प्युटरवरून आलेला, आणि वही माणसाच्या हातची, मग कागदच खरा, असं कुणालाही वाटतं. ७२० रुपये त्याच वेळी दिले. पण एक दिवसभर सहा जणांवर खोटं बोलल्याचा संशय राहिला, तो कुठल्या पट्टीवर धरायचा मला माहीत नाही.

मी बारा ओळींची एक फाईल तयार केलीय. सात ओळी अशा की जिथं गणित बाहेर राहतं आणि आज पर्ल एकतर गप्प बसतं किंवा अर्धवट बोलतं, पाच अशा की जिथं काही चुकलेलं नाही आणि तरी ते बोलतं. तुमच्यापैकी कुणी हे हातात घेणार असेल तर ती फाईल आणि टेस्ट करायला माझा वेळ, दोन्ही तुमचं आहे. सी भाषेतलं माझं काम तुमच्या सोर्सला हात लावण्याइतकं नाही, पण तुम्ही दिलेला पॅच आमच्या सगळ्या दुकानांच्या स्क्रिप्टांवर चालवून काय येतं ते मी ओळ न ओळ कळवीन.

तोवर आमच्याकडं असं ठरलंय की प्रिंटच्या ओळीत हिशोब करायचा नाही. आधी उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, मग ते एकटं छापायचं. आणि रोज संध्याकाळी कागद दुकानात द्यायच्या आधी भाचा मुकादमांच्या वहीतल्या रेघा मोजून कागदाशी ताळा बघतो.

आपला,
पर्ल वापरणारा एक माणूस,
शाहूपुरी, कोल्हापूर